एका हाताचा चाकू

धारदार वस्तूंची आमच्या घरात कधीच कमी नव्हती. दाभोळ खाडीच्या काठच्या घरात ती असूही शकत नाही. ओट्याखाली विळी, तिच्या शेजारी मासे साफ करायची सुरी, मागच्या पडवीत नारळ सोलायचा सुळा, खुंटीला कोयती, पानाच्या डब्यात आडकित्ता. बकरीदच्या सुऱ्या वेगळ्या. त्या जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर असतात आणि वर्षातून एकदाच खाली उतरतात. एवढं सगळं असताना आम्हाला एक चाकू विकत घेताना पाच महिने लागले.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं, नवरा-बायको. दोघंही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो, दोघांनी बी.एड. एकाच वर्षी केलं. एकाकडे गणित-विज्ञान आहे, दुसऱ्याकडे उर्दू आणि मराठी. चाकूच्या बाबतीत आमची मतंही अशीच दोन विषयांत विभागली गेली होती. एकाला तो चाकू हवाच होता, दुसऱ्याला तो घरात यायला नको होता. कुणाला काय वाटत होतं ते सांगत नाही. पाच महिन्यांत आम्ही जागा दोनदा तरी बदलल्या.

चाकू हवा होता अब्बांना. अब्बांनी आयुष्याची सव्वीस वर्षं मालवाहू जहाजांवर डेकवर काढली. आमच्या भागातली माणसं पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर गेली. जमीन थोडी, तीही कातळाची. पोरगा सोळा-सतराचा झाला की कुणी मामू नाहीतर चाचा त्याला मुंबईला नेऊन जहाजावर चढवायचा. अब्बांचा चाकू त्याच दिवसांतला. शिंगाच्या मुठीचा, एका पात्याचा, मिटणारा, कुठल्याशा परदेशी बंदरात घेतलेला. डेकवरच्या माणसाला चाकू म्हणजे लेखकाला पेन. दोर कापायचा, ताडपत्रीची शिवण उसवायची, रंगाच्या डब्याचं झाकण उचकटायचं, आणि वेळ आलीच तर कुणाचा पाय अडकलेला दोर एका घावात तोडायचा. नोकरी संपली तरी चाकू खिशात राहिला. गावात त्याची कामं बदलली, एवढंच. गरीची दोरी, पडवळाच्या वेलाचा सुंभ, शहाळ्याची मलई, जेवणानंतरचा हापूस. आमची मुलगी लहान असताना तिच्या पेन्सिली तेच तासून द्यायचे. शाळेतल्या शार्पनरने कधी येणार नाही असं टोक यायचं.

२०२२ च्या पावसाळ्यात अब्बांना लकवा झाला. उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीच्या आधारापुरता परत आला, हात आला नाही. उजवी बाजू जाते तेव्हा बरेचदा बोलणंही सोबत जातं, कारण भाषेचा कारभार बहुतेकांच्या मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असतो. हे आम्ही बी.एड.च्या मानसशास्त्रात वाचलं होतं. घरात बघितल्यावर समजलं. अब्बांना सगळं कळतं, वर्तमानपत्र डोळ्यांनी वाचतात, पण तोंडातून एका वेळी एकच शब्द निघतो, आणि तोही कधी हवा असतो त्याच्या शेजारचा.

पहिलं भांडण जेवणाचं. डाव्या हाताने खायचं कसं? लहानपणापासून डाव्या हाताने घास उचललेल्या आम्हा सगळ्यांच्या बोटांवर अब्बांनीच टिचकी मारलेली. मशिदीतले इमामसाहेब स्वतः घरी येऊन बसले. माजूर माणसाला रुखसत आहे, दीन कुणाला त्याच्या ताकदीपलीकडचं सांगत नाही, असं त्यांनी समजावलं. अब्बांनी मान हलवली. पण पुढचे कितीतरी दिवस ते आमची जेवणं झाल्यावर, एकटे, भिंतीकडे तोंड करून जेवायचे.

मग चाकू. जुन्या चाकूच्या पात्यावर नखाची खाच असते. एका हाताने मूठ धरायची, दुसऱ्या हाताचं नख खाचेत घालून पातं ओढायचं. एका हाताच्या माणसाला तो चाकू म्हणजे लाकडाचा तुकडा. अब्बांनी त्यावर उपाय काढला, पातं दातांत धरून मूठ खाली ओढायची. अम्मींनी ते पाहिलं त्या दिवशी ओठाला बारीकशी चीर होती. अम्मींनी चाकू तांदळाच्या पिंपात लपवला. अब्बा ओरडले नाहीत, ओरडता येत नव्हतंच. दोन दिवस फक्त सदऱ्याचा खिसा चाचपत राहिले. तिसऱ्या दिवशी आमच्याकडे बघून म्हणाले, ‘‘जहाज.’’ आम्हाला कळायला वेळ लागला. शेजारचा शब्द आला होता.

आता कुणीही विचारेल, आम्हीही एकमेकांना विचारलं, की घरात दहा सुऱ्या असताना चाकूच कशाला? आंबा कापायचा तर कापून देऊ. सुपारी कातरून देऊ. यातलं ‘देऊ’ हेच तर अब्बांना नको होतं. स्वयंपाकघरातली सुरी ओट्यावर असते. ती मागावी लागते, कुणीतरी आणून द्यावी लागते, आणि आणून देणारा समोर उभा राहून बघतो, कापेल की काय म्हणून. खिशातला चाकू मागावा लागत नाही. एवढाच फरक आहे, पण सत्तरीच्या माणसाला त्या फरकासाठी दात वापरावेसे वाटले.

म्यानातली छोटी सुरी हा सोपा मार्ग होता. उघडायला नको, मिटायला नको, लॉकची भानगड नाही. एका हाताच्या माणसासाठी तांत्रिकदृष्ट्या तीच सर्वांत बरी, हे आजही आमचं मत आहे. पण म्यान कमरेला लागतं, आणि दाढी असलेला, लुंगी नेसलेला म्हातारा कमरेला सुरी लावून जेटीपर्यंत चालत जातोय, हे चित्र आम्हाला झेपेना. गंमत अशी की आमच्या वाडीत नारळ पाडायला येणारा गडी कमरेला आकडी आणि आकडीत हातभर कोयती लटकवून एस.टी. स्टँडवरून येतो. त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. बघूही नये. पण आमच्याकडे बघतील असं आम्हाला वाटतं, आणि हे वाटणं हवेतून आलेलं नाही. ‘धारदार शस्त्रे जप्त’ असं लिहिलेल्या बातमीतले फोटो आम्हीही बघतो. टेबलावर मांडलेल्या त्या वस्तूंत कधीकधी आमच्या माळ्यावरच्या सुऱ्यांसारख्याच सुऱ्या दिसतात.

मुंबईला एका प्रशिक्षणाच्या निमित्ताने गेलो तेव्हा नागदेवी स्ट्रीटला आणि अब्दुल रहमान स्ट्रीटला फिरलो. एका हाताने उघडणारा चाकू पाहिजे म्हटल्यावर दुकानदाराने आम्हा दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, आणि काउंटरखालून खटक्याचा चाकू काढला. बटण दाबलं की खट्‌ करून पातं बाहेर. त्याने दोनदा करून दाखवलं, तिसऱ्यांदा आमच्यातल्या एकाने मान फिरवली. एका हाताने उघडतो यात शंका नाही. पण तो आवाज! आमच्या पिढीने तो आवाज फक्त सिनेमात ऐकलाय. ‘वक्त’ (१९६५) मधल्या राजकुमारपासून तो सिनेमात आहे, आणि पुढे पडद्यावर त्या चाकूमागचा चेहरा आणि नाव कुणाचं असतं हे सांगायला नको.

खरं म्हणजे रामपुरी चाकूवर अन्याय झाला असं आम्हाला वाटतं. नवाबांच्या रामपुरातले ते कारागीर. पितळेची नक्षीदार मूठ, आणि पातं उघडताना दात्यांवरून कर्रर्र आवाज करत जाणारी गरारी. त्याच गावात रझा लायब्ररीसारखा हस्तलिखितांचा खजिना आहे. पण गावाचं नाव घेतलं की आठवतो तो चाकू, आणि चाकू म्हटला की गुंड. १९९० च्या दशकात उत्तर प्रदेश सरकारने साडेचार इंचांहून लांब पात्यावर बंदी आणली, धंदा बसत गेला. २०२३ साली तिथल्या एका चौकात भलामोठा चाकू उभारला आणि चौकाला नाव दिलं चाकू चौक. कारागिरांच्या हातातला लहान होत गेला, चौकातला मोठा झाला.

दुकानातून रिकाम्या हाताने परतलो. पण आमच्यातल्या गणिताच्या शिक्षकाला विषय मिळाला होता. चाकू एका हाताने उघडणं हा अर्धाच प्रश्न आहे, खरा प्रश्न तो एका हाताने मिटण्याचा आहे. उघडताना धार हातापासून लांब जाते, मिटताना ती बोटांकडे येते. त्यात लॉक म्हणजे पातं आपोआप मिटू नये म्हणून केलेली सोय. लॉक नसलेल्या चाकूवर वेडावाकडा जोर पडला तर पातं बोटांवर मिटतं. दुसरा हात सावरायला नसलेल्या माणसाला लॉक हवंच, आणि तेच लॉक सोडताना बोट धारेच्या वाटेत येता कामा नये. शिवाय आमच्या गणितात आणखी एक अट होती, डावा हात.

ही डाव्या हाताची अट आली आणि निम्मा बाजार बाद झाला. चाकू बनवणारे उजव्या हाताने विचार करतात. पात्यावर अंगठ्याने ढकलायची घुंडी असते, ती बहुतेक वेळा एकाच बाजूला. मुठीच्या आत पोलादाची पट्टी वाकून पात्याच्या बुडाशी अडते, असं एक लॉक असतं. मायकेल वॉकर नावाच्या अमेरिकन कारागिराने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला ते आजच्या रूपात आणलं आणि आता ते सगळीकडे आहे. ती पट्टी उजव्या अंगठ्याने बाजूला सारायची. डाव्या हाताने करायचं तर तर्जनीने ओढावी लागते, आणि त्या वेळी बोट पात्याच्या वाटेतच असतं. म्हणजे ते गेलं.

मुठीच्या पाठीवर दाबायचं लॉक दोन्ही हातांना सारखं. अमेरिकेतल्या बक कंपनीच्या १९६४ मधल्या ११० नंबरच्या चाकूने ते घराघरांत पोहोचवलं. मजबूत आहे. पण एका हाताने पाठ दाबली की पातं सुटून खाली येतं, आणि खाली आपलीच चार बोटं. तरबेज माणूस बोटं वेळेवर काढतो. अब्बांच्या डाव्या हाताला अजून तेवढी घाई जमत नाही.

फ्रान्सचा ओपिनेल आम्हा दोघांनाही फार आवडला. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये सव्वाच्या डोंगराळ मुलखातल्या शेतकऱ्यांसाठी केलेला, बीचच्या लाकडाची साधी मूठ. बघताना शेतीचं अवजार वाटतो, शस्त्र वाटतच नाही. त्याच्या गळ्याशी १९५५ पासून एक फिरणारी कडी असते, ती फिरवली की पातं अडकतं. पण उघडायला दोन हात, कडी फिरवायला दोन हात. वर आमच्या पावसात ते लाकूड फुगणार आणि पातं बाहेर येणार नाही. स्वित्झर्लंडचा लाल चाकू चाचांकडे आहे, कात्रीसकट. त्याच्या नेहमीच्या लहान प्रकारांत मोठ्या पात्याला लॉक नसतंच, आणि उघडायचा नखाने. पण त्यांच्या सैन्याने २००८ मध्ये जो नवा चाकू ठरवला त्याच्या पात्याला एका हाताने उघडण्यासाठी मोठं भोक ठेवलं आहे. म्हणजे दुसरा हात मोकळा नसतो ही गोष्ट सैन्यालाही कळायला शंभरावर वर्षं लागली. दर्यावरच्या माणसांना ती आधीपासून ठाऊक आहे. जहाज हलत असताना एक हात जहाजाला धरलेला असतो, काम दुसऱ्या हाताने.

हे भोक मात्र आम्हाला कामाचं वाटलं. स्पायडर्को कंपनीने १९८१ मध्ये ते आणलं. पात्याच्या कण्याशी अंगठा रुतेल एवढं गोल भोक. त्यात अंगठा टेकवून पातं हळूहळू वर सारायचं. भोक आरपार असल्यामुळे डावा-उजवा भेद नाही. दुसरा एक प्रकार आहे, मुठीच्या मागे पात्याचा छोटा कान बाहेर असतो, तो तर्जनीने दाबला की पातं झटक्यात उघडतं. तरुणांना तो आवडतो. आम्हाला झटका नकोच होता. अब्बांच्या हातासाठी नको, आणि बघणाऱ्यांसाठीही नको. स्प्रिंग नको, बटण नको, आवाज नको.

लॉकचं उत्तर सापडायला सर्वांत वेळ लागला. मुठीतून आडवी जाणारी पोलादाची एक बारीक दांडी असते, दोन पातळ स्प्रिंगा तिला पुढे रेटतात, पातं उघडलं की ती त्याच्या बुडावर पाचरीसारखी बसते. मिटताना दांडीची टोकं मुठीच्या दोन्ही बाजूंनी अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरून मागे ओढायची, पातं मोकळं होतं. दोन्ही हातांना सारखी, आणि मुख्य म्हणजे एकही बोट धारेच्या वाटेत नाही. बेंचमेड कंपनीने १९९८ मध्ये ही रचना बाजारात आणली. पेटंटची मुदत संपल्यावर इतरांनीही घेतली, म्हणून आता ती शिक्षकाच्या पगारात बसते.

दरम्यान मुंब्र्याहून चाचांचा फोन आला. अम्मींनी त्यांना सांगितलं होतं. चाचा म्हणाले, ‘‘तुम्ही शिकलेली माणसं. शाळेत नोकरीला आहात. घरात असलं काही मागवू नका. पार्सलवर नाव कुणाचं असणार?’’ आम्ही म्हटलं, ‘‘चाचा, भाईंना आंबा कापायचाय.’’ ते म्हणाले, ‘‘हे तुम्ही मला सांगताय. त्यांना कोण सांगणार?’’ ‘त्यांना’ म्हणजे कुणाला हे आम्ही विचारलं नाही.

चाचांचं बोलणं डोक्यातून जाईना. मग कायदा स्वतः वाचायचा ठरवला. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा, त्याचे आत्ताचे नियम २०१६ चे. पातं नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद असेल तर ते शस्त्राच्या यादीत जातं, त्यातही घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेल्या वस्तू वगळलेल्या. आमचा चाकू तीन इंचांच्या आतला. दिल्लीत खटक्याच्या चाकूंसाठी वेगळी अधिसूचना आहे, पण आमचा चाकू खटक्याचा नाही आणि आम्ही दिल्लीत नाही. खरी गोष्ट वेगळीच निघाली. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ३७(१) खाली सणासुदीला, निवडणुकीला, मोर्चाच्या दिवसांत मनाई आदेश निघतात. ते आपण सगळेच वर्तमानपत्रात आतल्या पानावर बघतो आणि पान उलटतो. त्यात तलवारी, भाले, बंदुका यांच्या रांगेत चाकू आहेत, काठ्याही आहेत. आदेश लागू असेतोवर त्या सार्वजनिक ठिकाणी बाळगायच्या नाहीत. मुदत साधारण पंधरा दिवसांची. हे सगळ्यांना सारखं लागू. कागदावर तरी सारखंच.

वाचून झाल्यावर भीती गेली असं म्हणणार नाही. पण आता ती कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे सांगता येत होतं. घरात, वाडीत, आंब्याच्या फोडीवर कायद्याला काही म्हणायचं नव्हतं.

शेवटचा वाद पात्याच्या टोकाचा. बहुतेक चाकू अणकुचीदार असतात. जहाजावर वापरायच्या चाकूचं एक पातं वेगळं असतं. धार सरळ रेषेत आणि वरचा कणा टोकाशी वळून खाली आलेला, मेंढीच्या खुरासारखा बोथट. जहाज डोलताना हात घसरला तरी चाकू कुणाच्या अंगात घुसू नये म्हणून. अब्बांच्या डाव्या हाताला अजून थोडा कंप आहे. त्यांना टोकाची गरज नव्हती, आणि टोक नसलेला चाकू चाकूपेक्षा अवजार जास्त दिसतो. या एका मुद्द्यावर आमचे दोन्ही पक्ष एकाच दिवशी एकमत झाले.

पोलाद स्टेनलेसच घेतलं. कार्बनच्या पोलादाला धार छान लागते, दगडावर पटकन बसते, जुने कसाई अजून तेच वापरतात. पण कैरीच्या आंबटाने ते काळं पडतं आणि खाडीच्या खाऱ्या हवेत आठवड्यात गंजतं. मूठ काळ्या खरबरीत प्लॅस्टिकची. शिंगाची सर नाही, पण ओल्या हातातून निसटत नाही. किंमत १,८५० रुपये. पार्सल चिपळूणला एका दुकानाच्या पत्त्यावर मागवलं नाही, घरच्या पत्त्यावर, पूर्ण नावाने मागवलं. त्यावर आम्ही एक रात्र बोललो होतो.

अब्बांच्या हाती देण्यापूर्वी आठवडाभर आम्हीच वापरून पाहिला. धारेवर चिकटपट्टी लावली, उजवा हात ओढणीने पोटाशी बांधला आणि डाव्या हाताने उघड-मीट सुरू केली. पहिल्या दिवशी अंगठा भोकातून निसटायचा. तिसऱ्या दिवशी जमलं. मिटताना चाकू थोडा मागे कलता धरायचा, दांडी ओढायची आणि मनगट सावकाश फिरवायचं, पातं आपल्या वजनाने आत येतं. पिन फार घट्ट आवळलेली होती, ती पाव फेरा सैल केली आणि तेलाचा एक थेंब सोडला. त्या आठवड्यात आम्हाला कळलं की एका हाताने सदऱ्याचं बटण लावायला किती वेळ लागतो. डबा उघडायचा तर तो गुडघ्यांत धरावा लागतो. आणि कुणी ‘थांबा, मी करतो’ म्हटलं की कसं वाटतं, तेही कळलं.

एक गोष्ट आमच्या उशिरा ध्यानात आली. चाकू उघडला तरी आंबा कोण धरणार? एका हातात चाकू, मग फळ पाटावर घरंगळतं. अशा माणसांसाठी खिळे असलेले पाट मिळतात. आमच्या सुताराने सागाच्या फळीला खालून स्टेनलेसचे दोन खिळे मारून दिले, टोकं वर. आंबा त्यावर रोवायचा की हलत नाही. कोपऱ्याला दोन बाजूंनी उंच पट्टी, भाकरी किंवा सुपारीची फोड तिथे अडकवता येते. पाटाखाली ओलं फडकं, म्हणजे पाटही सरकत नाही. धार लावायचा दगडही त्याच ओल्या फडक्यावर बसतो. सगळा खर्च दोनशे रुपये. चाकूपेक्षा हा पाटच जास्त उपयोगी पडला असं अम्मींचं मत आहे. ते आम्ही खोडून काढत नाही.

अब्बांनी चाकू हातात घेतला, उलटसुलट केला, वजन पाहिलं. आम्ही शिकवायला पुढे सरकलो, शिक्षकच ना. त्यांनी हाताने थांबवलं. अंगठा भोकात घातला, पातं सावकाश वर आलं. खिशाला अडकवायची जी पत्र्याची क्लिप होती तिच्याकडे बोट दाखवून म्हणाले, ‘‘नको.’’ आम्हालाही ती नकोच होती, तिच्यामुळे चाकू खिशाबाहेर दिसतो. स्क्रू काढून क्लिप काढली. मग त्यांनी मुठीच्या बुडाशी असलेलं भोक दाखवलं आणि पुन्हा म्हणाले, ‘‘जहाज.’’ या वेळी शब्द बरोबर होता. जहाजावर चाकूला दोरी असते, हातातून सुटला तर दर्यात जाऊ नये म्हणून. आम्ही नायलॉनची बारीक दोरी भोकातून ओवून दिली. गाठ त्यांनी मारली. जहाजावरच्या माणसांना एक गाठ एका हाताने मारता येते, बोलाइन म्हणतात तिला, पाण्यात पडलेला माणूस एका हाताने दोर धरून दुसऱ्या हाताने ती स्वतःच्या कमरेभोवती मारतो. अब्बांचा सराव उजव्या हाताचा. डाव्या हाताला सगळं उलटं. दोरीचं टोक दातांत, चाकू मांडीखाली, आणि बोटं आठवून आठवून फिरत होती. अस्रची अजान झाली तेव्हा त्यांनी गाठ ओढून बघितली, आणि सोडून पुन्हा पहिल्यापासून मारली.

त्या मे महिन्यात आम्ही अब्बांच्या हातच्या फोडी खाल्ल्या. वेड्यावाकड्या, काही कोयीला चिकटून राहिलेल्या. जेवायला ते आता आमच्या रांगेत बसतात, तोंड भिंतीकडे नसतं. हे चाकूमुळे झालं की नुसत्या दिवसांमुळे, यावर आमच्यात अजून मतभेद आहेत. दोरीचे तुकडे, वेलाचा सुंभ, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, टपालाची पाकिटं, सगळं त्यांच्याकडे जातं. नात आता मोठ्या वर्गात आहे, पेनने लिहिते. तरी ती आठवड्यातून एकदा एक पेन्सिल घेऊन त्यांच्यासमोर बसते. पेन्सिल पाटाच्या कोपऱ्यात अडकवतात. पूर्वीसारखं टोक येत नाही. ती तक्रार करते आणि ते पुन्हा तासतात.

चाकूचं बिल आम्ही प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून दाराजवळच्या फळीवर ठेवलं आहे, रेशनकार्डाच्या शेजारी. संध्याकाळी अब्बा काठी टेकत जेटीपर्यंत जातात, मगरिबला मशिदीत जातात, तेव्हा चाकू सदऱ्याच्या डाव्या खिशात असतो. गेल्या वर्षी सणाच्या आधी वर्तमानपत्रात आतल्या पानावर मनाई आदेश आला. आम्ही अजून एकमेकांकडे बघत होतो की हे सांगायचं कुणी आणि कसं. अब्बांनी पान वाचलं, चष्मा काढला, खिशातून चाकू काढून बिलाच्या पाकिटावर ठेवला आणि काठी घेऊन जेटीकडे निघाले. मग थांबले. आदेशाच्या यादीत काठीही होती. त्यांनी काठीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं, आणि किती तरी महिन्यांनी आवाज करून हसले.

काठी घेऊनच गेले. चाकू पंधरा दिवस फळीवर होता. त्या दिवसांत पाट नुसता भिंतीला टेकून उभा होता आणि सुपारी अम्मी कातरून देत होत्या. सोळाव्या दिवशी सकाळी आम्ही शाळेला निघालो तेव्हा फळीवर नुसतं बिल होतं.